हायड्रोजनची चौथी रेषा

भाऊ बी.एस्सी.ला नापास होऊन घरी आला, त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सुतक असल्यासारखं चाललं होतं. वडील त्याच्याशी बोलत नव्हते. आई त्याच्या ताटात तूप वाढताना डोळे पुसायची. शेजारपाजारचे लोक उगाच येऊन ओट्यावर बसायचे आणि उसासे टाकायचे. मला शाळेतून काढलं त्या दिवशी घरात कोणाचे डोळे ओले झाले नव्हते. आईनं एवढंच सांगितलं होतं की उद्यापासून सकाळची गोठ्याची झाडलोट तुझ्याकडे. ही गोष्ट मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा नावाच्या तीर्थाच्या जवळ. इंग्रजांचं राज्य होतं, दुसरी लढाई अजून लागायची होती, आणि आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. गावच्या मराठी शाळेत भाऊ पुढच्या वर्गात, मी मागच्या. आमचे मास्तर अपूर्णांकांचे भोक्ते होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी, सगळे पाढे आमच्याकडून रोज ओरडून घ्यायचे. मला त्यांची गोडीच लागली. पोरं पाऊणकीला अडखळायची तेव्हा मास्तर मला उभं करायचे आणि मी सुसाट सुटायचे. मास्तरांनी घरी येऊन वडिलांना सांगितलंही, की मुलगी हुशार आहे, पुढे शिकवा. वडील सुपारी कातरत म्हणाले, "आते बस झायं मास्तर. पोरनी जातले इतलं शिकीसन काय करनं शे?" मास्तर चहा पिऊन गेले. त्यांनाही फार भांडायचं नव्हतं.

तर भाऊ नापास झाला. कशात, तर पदार्थविज्ञानात. परीक्षा पुन्हा द्यायची होती आणि ह्या खेपेला गेला तर कॉलेज बंद, नांगर हातात, असं वडिलांनी आईच्या तोंडून त्याला कळवलं होतं. भाऊ दुपारभर स्वैपाकघराच्या दाराशी जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन बसायचा, कारण घरात तेवढी एकच जागा गार होती. मी आत भाकरी थापायचे, भांडी घासायचे, कैऱ्या चिरायचे. तो मोठ्यानं पाठ करायचा. एकदोन दिवसांत मला त्याचा पाठ त्याच्याआधी पाठ झाला. इंग्रजी येत नव्हतं, पण आकड्यांना कुठे भाषा लागते!

एक दिवस मी विचारलं, "हाई रोज रोज काय घोकी ऱ्हायना तू?"

त्याला कोणाशीतरी बोलायचंच होतं. तो सांगू लागला, आणि माझ्या हातातली कैरी हातातच राहिली.

कंदिलाचा उजेड त्रिकोणी काचेतून पाहिला तर सगळे रंग दिसतात, एकाला एक लागून, इंद्रधनुष्यासारखे. पण काचेच्या नळीत हायड्रोजन वायू कोंडून त्यातून वीज सोडली तर तो गुलाबीसर उजळतो, आणि तो उजेड त्याच काचेतून पाहिला तर इंद्रधनुष्य दिसत नाही. काळ्या अंधारात मोजक्या रेषा दिसतात. एक तांबडी, एक निळसर हिरवी, मग एक निळी-जांभळी, आणि चौथी अगदी फिकी, जांभळी. बाकी काही नाही. मधले रंग गायब.

"काब्र?" असं का, मी विचारलं.

त्याचं उत्तर असं होतं. हायड्रोजनच्या कणात मधे एक भारी गाभा असतो आणि त्याच्याभोवती एकच इलेक्ट्रॉन. त्या इलेक्ट्रॉनला कुठेही उभं राहता येत नाही, ठरलेल्या पायऱ्यांवरच राहावं लागतं. वीज त्याला वरच्या पायरीवर ढकलते. तिथे तो टिकत नाही, खाली पडतो, आणि पडताना जेवढी उंची गमावतो तेवढ्या ताकदीचा उजेड बाहेर टाकतो. लहान पडणं म्हणजे तांबडा उजेड, मोठं पडणं म्हणजे जांभळा. दोन पायऱ्यांच्या मधे उभं राहताच येत नाही म्हणून मधले रंग निघतच नाहीत.

एवढं सांगून त्यानं परीक्षेत काढलेली आकृती मला काढून दाखवली. सारख्या अंतरावर आडव्या रेघा, एकावर एक. त्याच आकृतीला शून्य मार्क पडले होते आणि का पडले ते त्याला कळत नव्हतं. मी पाहिलं आणि मला हसू आलं. तो प्रकाशाचा घाट होता! प्रोफेसरांनी वर्गात इंग्रजीत पायऱ्या म्हटलं, आणि आमच्या भावाच्या डोळ्यांसमोर लहानपणापासून पाहिलेला तापीवरचा घाट आला. सगळ्या पायऱ्या एका मापाच्या, यात्रेकरूला ठेच लागू नये म्हणून. सूत्र त्याला तोंडपाठ होतं, पण सूत्र आणि घाट यांची गाठ घालून बघावी असं त्याच्या मनात आलं नव्हतं.

मी ते सूत्र मराठीत सांग म्हटलं. पाव घ्यायचा. त्यातून एकाचा नववा भाग वजा करायचा, ती पहिली रेषा. पावातून एकाचा सोळावा भाग वजा करायचा, ती दुसरी. मग पंचविसावा, मग छत्तिसावा.

मी चुलीतला कोळसा घेतला आणि फरशीवर मांडायला बसले. पावकीत वाढलेल्या मुलीला ते किती अवघड जाणार? उजेडाच्या लाटेची लांबी ह्या अपूर्णांकांच्या उलट असते, म्हणून तेही उलटे करून पाहिले. पहिली रेषा आली सात पूर्णांक एक पंचमांशावर. दुसरी पाच आणि एक तृतीयांशावर. तिसरी पावणेपाचाहून केसभर पुढे. चौथी बरोबर साडेचारावर. पुढच्या सगळ्या चाराकडे दाटत जातात आणि चाराला कोणीच पोचत नाही.

"तुना घाट चुकना भाऊ," मी म्हणाले. "हाई विहीर शे."

मग मी त्याला विहीर काढून दिली. सोळा हात खोल विहीर धर. सगळ्यात खालची पायरी तळाला, सोळा हातांवर. दुसरी पायरी काठापासून चार हातांवर. म्हणजे पहिलीपासून दुसरीपर्यंत मधे बारा हात काहीच नाही. तिसरी काठापासून पावणेदोन हातांच्या आसपास. चौथी एका हातावर. त्याच्यावर पायऱ्याच पायऱ्या, बोटाबोटावर, काठाला खेटून. असली विहीर कोणी बांधली तर गावकरी गवंड्याला धरून मारतील. पण हायड्रोजनची विहीर अशीच आहे. वरून दुसऱ्या पायरीवर जे पडतात त्यांचाच उजेड आपल्याला दिसतो. थेट तळाला पडणाऱ्यांचा उजेड सगळ्यांत जोरदार, पण तो माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, असं भावानं सांगितलं.

त्यानं बोटानं तळापासून एकेक पायरी मोजली. मग म्हणाला, "माले कोनी असं सांगंच नही."

उरलेल्या उन्हाळ्यात त्याचं पुस्तक आम्ही दोघांनी मिळून सोडवलं. वडील ओट्यावरून आत आले की मी कोळशाच्या रेघांवर पाय ठेवायचे. भाऊ परीक्षेला गेला आणि पास झाला, चांगल्या मार्कांनी. गावात पेढे वाटले. वाटले कोणी, तर मी, परकराचा ओचा खोचून, घरोघर. परीक्षेला निघताना भावानं मला बाजूला घेऊन शब्द दिला होता. "ती नळी माले भेटनी, का पयले तुलेच दखाडसू. मन्ही आन."

मला दुसरं काही नको होतं. कोळशानं मांडलेल्या त्या रेषा खरंच तिथे असतात का, एवढंच मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

त्याच साली माझं लग्न झालं. सासर शहाद्याकडचं मोठं गाव, घर खातंपितं, कापसाची शेती. ठरवताना मुलीला लिहिता-वाचता येतं हे झाकून ठेवण्यात आलं, मुलीत खोट असावी तसं. सासऱ्यांचा गावात दबदबा. त्या घरची रीत अशी की सुनेनं सासरे आणि जेठ, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, यांच्यासमोर हनुवटीपर्यंत पदर ओढायचा आणि त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. सांगायचं असेल ते सासूला सांगायचं, सासू पुढे सांगेल. मी त्या घरात दोन पोरं जन्माला घातली तरी सासऱ्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. पदराच्या आतून मला त्यांच्या वहाणा ओळखता यायच्या. रीत सगळीकडे होती, माझ्या एकटीवर नव्हती, हे खरं. म्हणून ती गोड लागत होती असं कोणी समजू नये.

पुढे माझ्या सासरच्याच गावात हायस्कूल निघालं आणि भाऊ तिथे विज्ञानाचा मास्तर म्हणून आला. मला केवढा आनंद झाला! आणि एका हिवाळ्यात तो सासूकडे येऊन, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, की त्याच्या जुन्या कॉलेजातून चार दिवसांसाठी हायड्रोजनची नळी आणि तिची सगळी यंत्रं उसनी मिळालीत. गावकऱ्यांना दाखवणार. बायकांनाही दाखवणार, त्यांची वेळ वेगळी. शाळेच्या कमिटीला त्यानं हे पटवलं होतं, आणि कशासाठी ते मला कळलं होतं. त्या रात्री मी त्याला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले. ते परत घेता येत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

कमिटीनं बायकांना परवानगी दिली ती एका अटीवर. खोलीत वडीलधारी माणसं हजर पाहिजेत. कमिटीत माझे सासरे होते. जेठ बंदोबस्ताला.

दुपारी आम्ही गेलो. शाळेच्या एका खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. गावात वीज नव्हती. तंबूतल्या सिनेमाच्या डायनॅमोवर बॅटऱ्या भरून आणल्या होत्या. टेबलावर ती नळी, बोटाएवढी बारीक, गुलाबी उजळलेली, आणि शेजारी विजेचा जोर वाढवणारी कॉइल चरचर आवाज करत होती. नळीसमोर त्रिकोणी काच आणि दुर्बिणीसारखं यंत्र. भिंतीशी खुर्चीवर सासरे. दाराशी जेठ. कॉइलच्या बटणापाशी भाऊ.

मी रांगेत मागे होते. मनात आकडे घोळवत होते. भावानं पूर्वीच सांगितलं होतं की त्रिकोणी काच जांभळ्या बाजूला रेषा जास्त फाकवते, म्हणून अंतरं माझ्या हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाहीत, पण क्रम तोच दिसेल. आणि चौथी लगेच दिसत नाही, डोळा अंधाराला सरावला की मग दिसते, घाई करायची नाही.

रांग फार भराभर पुढे सरकत होती. का ते मला आधी कळेना. एक बाई वाकायची, उठायची, दुसरी वाकायची, उठायची. बाहेर निघालेल्या एकीला माझ्या पुढचीनं हळूच विचारलं, "काय दखास वं?"

"लाल लाल काहीतरी शे, माय."

मग मी पदराच्या खालून नीट पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. बायका त्या यंत्राला डोळा लावत होत्या तो पदरासकट! खोलीत सासरे बसलेले, कोणाचे सासरे, कोणाचे चुलतसासरे, कोणाचे गावच्या नात्यानं. पदर कोण वर करणार? सगळ्या जणी तोंडावर लुगड्याचं जाड कापड घेऊन वाकत होत्या, कापडातून कळेल तेवढा तांबडा डाग बघत होत्या आणि "व्हय, दखायनं" म्हणून पुढे जात होत्या. खुर्चीवरची माणसं समाधानानं माना हलवत होती की गावातल्या बायकांनासुद्धा आपण विज्ञान दाखवलं. त्या दुपारी गावातल्या बायकांनी आपापल्या लुगड्याचं सूत पाहिलं, दुसरं काही नाही. आणि ह्या अक्कलवंतांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की कापडातून दिसत नसतं. भाऊ तर हातभर अंतरावर उभा होता.

माझी पाळी आली. मी वाकले. पदरातून एक तांबडा पसरट डाग दिसला. बाकी काळं.

"दखायनं ना?" भाऊ म्हणाला. सगळ्यांना विचारत होता त्याच सुरात.

"नही दखास," मी म्हणाले.

माझा आवाज सासऱ्यांनी पहिल्यांदा ऐकला तो असा. भावानं खाली मान घालून कुजबुजत सांगितलं, "चाल माय, मांगे बाया उभ्या शेतस." माझ्या मागे बाया उभ्या होत्या हे मला माहीत होतं. त्यांनाही काही दिसणार नव्हतं.

मी पदर मागे टाकला आणि डोळा लावला.

होत्या. तिथेच होत्या. तांबडी, सुईनं ओढल्यासारखी सरळ. मग बराच मोठा काळोख. मग मोराच्या मानेच्या रंगाची. मग पुन्हा काळोख, पण थोडा. मग निळी-जांभळी, बारीक. रेषांइतकाच मी तो मधला काळोख डोळ्यांत भरून घेतला. इलेक्ट्रॉनला उभं राहायला जागा नाही ती ही, बारा वाटांनी फिरलं तरी तिथे पाय टेकत नाही, आणि मी हे आंधळेपणानं, चुलीपुढे बसून, कोळशानं मांडलं होतं. माझं बरोबर होतं. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, पोरं झाली तेव्हा झाला होता की नाही तेही मी सांगणार नाही.

मी चौथीसाठी थांबले. डोळा सरावू द्यायचा होता. मागे खुर्ची करकरली. जेठ म्हणाले, "इनं डोकं फिरनं का?" मी हलले नाही. साडेचारावर, त्या निळ्या-जांभळीच्या पलीकडे, अंधारात मी बघत राहिले. तिथे काहीतरी उगवतंय असं वाटायला लागलं, आणि सगळं एकदम काळं झालं. कॉइलचा आवाज थांबला होता.

मी मान वर केली. सासऱ्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. बटण भावानं दाबलं होतं.

"काब्र बंद करं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. सासऱ्यांकडे वळून, हात जोडून म्हणाला, "माफ करा. लाडनी बहीण शे. तिले यामा काय समजस!"

ते वाक्य मी आजही झोपेत ऐकते आणि उठून बसते. मला त्यात काय समजतं! ज्याला घाट आणि विहीर यातला फरक मी शिकवला, ज्याचे पेढे मी वाटले, ज्याची नोकरी त्या सोळा हातांवर उभी होती, तो भर खोलीत मला हे म्हणाला. माझं तोंड पदराबाहेर उघडं होतं, ते तसंच ठेवून मी सासऱ्यांकडे वळले.

"मामा, माले समजस," मी म्हणाले. "पायऱ्या कोनी मांड्यात ते भाऊले इचारा."

सासऱ्यांनी खरोखर त्याच्याकडे बघितलं. चिडले होते, पण बघितलं. जेठही बघायला लागले, रांगेतल्या बायांनी पदराआडून बघितलं. त्याला फक्त दोन शब्द बोलायचे होते. इन्हीच मांड्यात. एवढंच. तो वाकला आणि बॅटरीच्या तारा गुंडाळू लागला.

पुढचं सांगण्यासारखं नाही. सासऱ्यांनी किती तरी महिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. सासूनं बोल बोल बोलून घेतलं. नवरा मूग गिळून बसला. सासऱ्यांवरचा माझा राग पुढे विरला, त्यांच्या शेवटच्या आजारात मीच त्यांना भरवलं. त्यांना वाटलं होतं की सून वेडगळपणा करते आहे. त्यांना कोणी वेगळं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ मागच्या दारानं आला. मी गोठ्यात शेण काढत होते. यंत्रं परत जायला एक दिवस उरला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "सांजले शाळामा कोनीच नही ऱ्हात. तू ये. दार लाईसन दखाडस. चौथी बी दखाडस, तुले पाहिजे तितला येळ."

जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पाय उचललाही असेल. मी म्हणाले, "पयले मामाले जाईसन सांग, पायऱ्या कोनी मांड्यात. मंग मी येसू. दार उघडं ठीसन."

तो उभा राहिला. गाय हंबरली, त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, काढला. पुढच्या ओसरीवर सासरे बसलेलेच होते. त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. वीस पावलं चालून जायचं होतं.

तो मागच्याच दारानं निघून गेला.

संध्याकाळी शाळेच्या बाजूला जाणारा रस्ता मला चुलीपुढून दिसत होता. मी भाकरी थापत राहिले. सकाळी बैलगाडीतून यंत्रं निघाली. चौथी रेषा मी पाहिलेली नाही.